स्मृती हरपलेला मधुमेही आणि समाजाची जबाबदारी

मधुमेहावरील आधुनिक उपचारांची सारी इमारत एका गृहीतकावर उभी आहे. रुग्ण हाच स्वतःचा निम्मा वैद्य असतो, हे ते गृहीतक. गोळी जेवणाआधी घ्यायची की नंतर, इन्सुलिनची मात्रा किती, एखाद्या दिवशी उपास घडला तर ती किती कमी करायची, हातापायांना कंप सुटला आणि दरदरून घाम आला तर तोंडात साखर केव्हा टाकायची, पायाच्या बोटांत जखम झाली आहे काय, हे सारे रुग्णाने स्वतः पाहावे, स्वतः लक्षात ठेवावे आणि स्वतः ठरवावे अशी अपेक्षा असते. डॉक्टरांची गाठ महिन्या-दोन महिन्यांतून दहा मिनिटे पडते. उरलेला सारा काळ रुग्णाच्या स्मरणशक्तीवर सोपवलेला असतो. मग ज्याची स्मरणशक्तीच ढासळू लागली आहे त्याने काय करायचे? सकाळी गोळी घेतली की नाही हे ज्याला दुपारी आठवत नाही, जेवण झाले असतानाही जो पुन्हा ताट मागतो किंवा जेवलेला नसताना ‘जेवलो’ म्हणून सांगतो, त्याच्या मधुमेहाला वाली कोण? या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर आज देशाच्या आरोग्यव्यवस्थेकडे नाही. ज्या प्रश्नाचे उत्तर व्यवस्थेकडे नसते त्याचे ओझे अखेर कोणाच्या खांद्यावर येऊन पडते, हे समाजवादी कार्यकर्त्याला निराळे सांगण्याची गरज नाही.

प्रथम प्रश्नाचा आकार पाहू. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साह्याने झालेल्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यांनुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे आणि आणखी सुमारे १३ कोटी ६० लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर उभे आहेत. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका राष्ट्रीय अभ्यासाने साठी ओलांडलेल्यांपैकी ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख लोकांना स्मृतिभ्रंश असल्याचा अंदाज वर्तविला. सरकारी कागदावर या दोन संख्या दोन वेगळ्या रकान्यांत राहतात. प्रत्यक्षात त्या एकाच माणसाच्या देहात एकत्र येतात, आणि तेही निव्वळ योगायोगाने नव्हे. दीर्घकाळ चाललेला मधुमेह मेंदूच्या सूक्ष्म रक्तवाहिन्यांना इजा करतो. मधुमेह नसलेल्यांच्या तुलनेत मधुमेही माणसाला स्मृतिभ्रंश होण्याचा धोका साधारण दीडपट असतो. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने नेमलेल्या आयोगाने २०२४ साली स्मृतिभ्रंशाची टाळता येण्याजोगी १४ कारणे सांगितली, त्यांत मधुमेह आहे आणि शिक्षणाचा अभावही आहे.

शिक्षणाचा अभाव हे कारण वाचून कार्यकर्त्यांनी थोडे थांबावे. मधुमेह हा सुखवस्तूंचा रोग आणि म्हातारपणची विस्मृती ही दैवगती, अशी समजूत अजूनही आपल्या समाजात रूढ आहे. दोन्ही समजुती चूक आहेत. वर उल्लेखिलेल्या पाहणीच्या १५ राज्यांतील निष्कर्षांतून २०१७ साली असे दिसून आले होते, की आर्थिकदृष्ट्या पुढारलेल्या राज्यांच्या शहरांत मधुमेहाचे प्रमाण धनिकांपेक्षा गरिबांत अधिक आहे. स्वस्त तेलात तळलेला वडा, दिवसातून आठ वेळा साखरेचा चहा, रात्रपाळी आणि झोपेचा अभाव यांचा हा हिशोब आहे. स्मृतिभ्रंशाच्या अभ्यासातही त्याचे प्रमाण पुरुषांपेक्षा स्त्रियांत, शहरापेक्षा खेड्यात आणि शिकलेल्यांपेक्षा निरक्षरांत अधिक आढळले. ज्या पिढीतील मुलींच्या हातात पाटीऐवजी खुरपे दिले गेले, त्याच पिढीतील वृद्धा आज आपल्या मुलांची नावे विसरत आहेत. बालपणी केलेल्या अन्यायाची दुसरी वसुली समाज त्यांच्याकडून उतारवयात करीत आहे.

आता रोगाचे मर्म लक्षात घेतले पाहिजे, कारण त्यावाचून मागण्यांना आधार राहत नाही. मधुमेह म्हणजे रक्तातील साखर वाढणे, एवढेच सर्वसामान्य माणूस जाणतो. पण इन्सुलिन किंवा ग्लिबेनक्लामाइड, ग्लिमेपिराइड यांसारख्या गोळ्या घेणाऱ्या वृद्धाला खरा तातडीचा धोका साखर एकाएकी उतरण्याचा असतो. गोळी घेतली आणि जेवण राहिले, किंवा घेतलेली गोळी विसरून पुन्हा घेतली, की साखर उतरते. मेंदूला इंधन मिळेनासे होते. माणूस गोंधळतो, असंबद्ध बोलतो, चिडतो, ग्लानीत जातो. वेळीच साखर मिळाली नाही तर बेशुद्ध होतो आणि प्रसंगी दगावतो. मूत्रपिंडे दुबळी झाली असली तर औषध शरीरात अधिक काळ रेंगाळते आणि धोका वाढतो. एरवीचा रुग्ण घाम, धडधड आणि भूक या खुणा ओळखून साखर मागतो. स्मृतिभ्रंश झालेला रुग्ण त्या ओळखू शकत नाही आणि सांगूही शकत नाही. त्याहून क्रूर गोष्ट अशी, की साखर उतरल्याची लक्षणे आणि स्मृतिभ्रंशाची लक्षणे सारखीच दिसतात. घरचे म्हणतात, ‘आज म्हातारचळ जास्तच लागला आहे.’ आणि तीन चमचे साखरेच्या पाण्याने जो माणूस शुद्धीवर आला असता, तो पहाटे अंथरुणात थंडगार सापडतो. मृत्यूच्या दाखल्यावर वार्धक्य लिहिले जाते. अशा मृत्यूंची वेगळी गणती होत नाही, आणि ज्याची गणती नाही त्याची तरतूदही होत नाही.

हे चक्र उलटही फिरते. कॅलिफोर्नियातील १६ हजारांहून अधिक वृद्ध मधुमेहींच्या नोंदींचा अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला. साखर गंभीर प्रमाणात उतरल्यामुळे ज्यांना रुग्णालयात न्यावे लागले होते, त्यांना पुढे स्मृतिभ्रंश होण्याचे प्रमाण अधिक आढळले. म्हणजे विसराळूपणामुळे साखर उतरते आणि साखर उतरल्यामुळे विसराळूपणा वाढतो. यास्तव अशा रुग्णाच्या बाबतीत ‘साखर काटेकोर नियंत्रणात ठेवा’ हा उपदेश तपासून घेण्याची गरज आहे. अमेरिकेतील ‘ॲकॉर्ड’ नावाच्या मोठ्या चाचणीत साखर फार कडकपणे खाली आणलेल्या गटात मृत्यू अधिक होत आहेत असे दिसल्यामुळे २००८ साली तो भाग मुदतीआधी थांबवावा लागला होता. आज अमेरिकन मधुमेह संघटनेच्या मार्गदर्शनानुसारही, ज्यांची आकलनशक्ती मंदावली आहे अशा वृद्धांसाठी तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचे लक्ष्य सैल ठेवावे, साधारण आठ टक्क्यांच्या आत असले तरी पुरे. आणि ज्यांचा ऱ्हास फार पुढे गेला आहे त्यांच्या बाबतीत आकड्याचा पाठलाग सोडून साखर उतरू न देणे आणि त्रास वाचविणे यालाच महत्त्व द्यावे. औषधयोजना सोपी करावी, दिवसातून चार वेळा टोचण्याऐवजी शक्य तेथे एकदाच, सकाळी टोचावे, धोक्याच्या गोळ्या कमी कराव्यात, असा या विचाराचा सारांश आहे.

पण कमी औषध देण्यात कोणाचा नफा आहे? चिठ्ठीवर नवी गोळी चढविण्यासाठी कंपनीचा प्रतिनिधी दवाखान्याच्या दारात उभा असतो. गोळी उतरविण्यासाठी कोणीही उभा नसतो. वीस वर्षांपूर्वी सुरू झालेले औषध, दहा वर्षांपूर्वी जोडलेले दुसरे, गेल्या वर्षीचे तिसरे, अशी चळत घेऊन म्हातारा फिरत राहतो आणि तो आता वीस वर्षांपूर्वीचा माणूस राहिलेला नाही याची दखल कोणी घेत नाही. इन्सुलिनचा इतिहास या ठिकाणी आठवावा. ते शोधून काढणाऱ्या बँटिंग, बेस्ट आणि कॉलिप यांनी १९२३ साली त्याचे पेटंट टोरांटो विद्यापीठाला प्रत्येकी एका डॉलरला देऊन टाकले. हे औषध समाजाच्या मालकीचे राहावे, ही त्यामागील भावना होती. शंभर वर्षांनंतर औषध बाजाराचे झाले आहे, आणि औषध देणारा हात मात्र कोणाच्याच हिशोबात नाही.

तो हात काय काम करतो, हे तपशिलाने पाहिले म्हणजे या प्रश्नाचे आर्थिक स्वरूप उघड होते. रुग्णाची औषधे त्याच्या हाती न ठेवता आठवड्याच्या कप्प्यांच्या डबीत भरून ठेवणे. गोळी आणि जेवण यांची सांगड रोज त्याच वेळी घालणे. तो किती जेवला हे पाहून, डॉक्टरांनी तशी सूचना दिली असल्यास, जेवणानंतरच इन्सुलिन टोचणे. रोज रात्री पाय धुऊन, पुसून, बोटांच्या बेचक्यांत जखम आहे काय हे पाहणे. वैशाखात त्याला तहानेची जाणीव राहत नाही म्हणून आठवणीने पाणी पाजणे. एकाएकी गोंधळ वाढला तर आधी साखर तपासणे, आणि तपासण्याचे साधन नसेल तर साखर देणे. तो बेशुद्ध असेल तर तोंडात काही न ओतता गाडी बोलावणे. यांतील एकही गोष्ट शल्यविशारदाची नाही. पण प्रत्येक गोष्टीला वेळ, सातत्य आणि थोडे प्रशिक्षण लागते. साधी सुईची गोष्ट घ्या. आपल्याकडे बाटलीतले इन्सुलिन बहुधा ४० युनिटचे असते आणि त्यासाठी लाल टोपणाची सिरिंज लागते. पेनमधले इन्सुलिन १०० युनिटचे असते, आणि त्या मापाच्या सिरिंजचे टोपण नारिंगी असते. १०० युनिटचे इन्सुलिन चुकून लाल टोपणाच्या सिरिंजने भरले, तर रुग्णाला अडीचपट मात्रा जाते. टोपणाच्या रंगातील हा फरक किती घरांत कोणी समजावून सांगितला आहे?

म्हणून या रुग्णाला औषधाहून अधिक गरज श्रमाची आहे. हे श्रम आज कोण करते? केंद्र सरकारच्या सांख्यिकी खात्याने २०१९ साली केलेल्या वेळ-वापर पाहणीत, घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी २९९ मिनिटे आणि पुरुष ९७ मिनिटे देतात असे आढळले. घरातील माणसांची शुश्रूषा करणाऱ्यांतही स्त्रियांची १३४ मिनिटे आणि पुरुषांची ७६ मिनिटे होती. स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाचा सांभाळ मिनिटांत मोजता येत नाही. तो चोवीस तासांचा पहारा असतो. तो करणारी सून किंवा लेक आधी शेतमजुरी सोडते, मग शिवणकाम सोडते, मग स्वतःच्या गुडघ्याचे दुखणे अंगावर काढते. तिने गमावलेली मजुरी राष्ट्रीय उत्पन्नाच्या कोणत्याही तक्त्यात दिसत नाही. तिने केलेले काम पगारी परिचारिकेने केले असते तर तेच राष्ट्रीय उत्पन्नात मोजले गेले असते. अर्थशास्त्राच्या या विसंगतीवर पुष्कळ लिहिले गेले आहे. पण तिचा बोजा वाहणाऱ्या बाईला त्या लिखाणाने एक दिवसाची सुट्टी मिळालेली नाही.

आणि जेथे घरात ती बाईही नाही तेथे? बीड जिल्ह्यातील आणि मराठवाड्यातील इतर अवर्षणग्रस्त भागांतील हजारो कुटुंबे मुकादमाची उचल घेऊन दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात आणि मार्च-एप्रिलमध्ये परततात. नवरा-बायको मिळून एक कोयता. म्हणजे सुनेलाही जावेच लागते. मागे गावात म्हातारी माणसे आणि शाळकरी नातवंडे उरतात. त्यांतील एखाद्या आजीला मधुमेह असेल आणि ती विसरू लागली असेल, तर पाच-सहा महिने तिच्या औषधाचा कारभार नऊ वर्षांच्या नातीच्या हाती असतो. मुंबईतील चित्र निराळे, पण गाभा तोच. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या गिरणी संपात सुमारे अडीच लक्ष कामगार उतरले होते. त्या वेळी जे पंचविशी-तिशीत होते, ते आज सत्तरीच्या आसपास आहेत. ज्यांची गिरणी गेली त्यांचा कामगार राज्य विमाही गेला. पुढे हमाली, पहारेकऱ्याची नोकरी, हातगाडी अशी असंघटित कामे करून त्यांनी दिवस काढले. म्हातारपणी दहा बाय बाराच्या खोलीत दोन पाळ्यांत कामावर जाणारे कुटुंब आणि दाराला बाहेरून कडी, अशा अवस्थेत त्यांच्यापैकी कित्येकांचा शेवट होत आहे. कडी लावणारा मुलगा निर्दय नसतो. कामावर गेला नाही तर त्याची रोजी बुडते, एवढाच त्याचा अपराध.

या परिस्थितीत शासन काय करते? २०१० साली वृद्धांच्या आरोग्यसेवेचा राष्ट्रीय कार्यक्रम आखला गेला आणि त्याच सुमारास मधुमेह, कर्करोग, हृदयरोग यांच्या नियंत्रणाचा दुसरा कार्यक्रमही आला. दोन कार्यक्रम, दोन फायली; आणि या दोहोंत एकाच वेळी बसणारा म्हातारा दोहोंच्या मध्ये पडतो. २०१८ साली आयुष्मान भारत विमा योजना आली आणि २०२४ साली ती सत्तरी ओलांडलेल्या सर्वांना, उत्पन्नाची अट न लावता, लागू झाली. महाराष्ट्रातही महात्मा फुले जन आरोग्य योजना सर्व कुटुंबांना लागू करण्याचा निर्णय २०२३ साली झाला. या योजनांचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. परंतु त्यांचा पैसा रुग्णालयात दाखल झालेल्या रुग्णासाठी आहे. साखर उतरून म्हातारा बेशुद्ध झाला आणि अतिदक्षता विभागात पोहोचला, पाय सडला आणि कापावा लागला, तर विमा धावून येतो. साखर उतरू नये म्हणून, पाय सडू नये म्हणून रोज अर्धा तास घरी येणाऱ्या परिचारिकेसाठी त्यात एक छदामही नाही. पाय कापण्याचे पैसे आहेत, पाय धुण्याचे नाहीत. विम्याच्या मार्गाने खासगी रुग्णालयांकडे वाहणाऱ्या सार्वजनिक पैशाचे हे तर्कशास्त्र समजून घेतले पाहिजे: दाखल रुग्णाचे बिल होते, न दाखल झालेल्या रुग्णाचे बिल होत नाही.

गंमत अशी की सरकारी कागदांना हा प्रश्न अगदीच ठाऊक नाही असे नव्हे. तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाचा जो तपासणी-तक्ता आशा स्वयंसेविका घरोघर जाऊन भरते, त्यात वृद्धांसाठी असाही प्रश्न आहे, की जवळच्या माणसांची नावे किंवा स्वतःच्या घराचा पत्ता विसरायला होतो काय. आशा तो विचारते, ‘होय’ असे उत्तर आले तर खूण करते, आणि कागद वर पाठविला जातो. पुढे काय? उपकेंद्रात स्मृतिभ्रंशाची परीक्षा करू शकणारा कोणी नाही. तालुक्याच्या ठिकाणीही बहुधा नाही. शिवाय जिच्या खांद्यावर ही सारी यंत्रणा उभी आहे, तिला शासन कर्मचारी मानत नाही. ती ‘स्वयंसेविका’, तिला पगार नव्हे, ‘मोबदला’. वाजवी मोबदल्यासाठी महाराष्ट्रातील आशांना २०२३-२४ मध्ये संपावर जावे लागले. जिचे स्वतःचे पोट कामाच्या तुकड्यांवर मोजले जाते, तिच्यावर आणखी एका तक्त्याचा भार टाकणे याला आरोग्यधोरण म्हणता येणार नाही.

शासनाच्या बाजूने एक उत्तर हमखास येते: आपल्याकडे कुटुंबसंस्था भक्कम आहे, आईवडिलांची सेवा ही आपली संस्कृती आहे. २००७ साली ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थाचा कायदा झाला, तो याच विचाराने. आईवडिलांना वाऱ्यावर सोडणाऱ्याला त्यात तीन महिन्यांपर्यंत कैदेची तरतूद आहे. जो मुलगा समर्थ असूनही हात झटकतो त्याला शिक्षा व्हावी, याबद्दल दुमत नाही. पण मुलाला तुरुंगाचा धाक घालणाऱ्या त्याच शासनाचा स्वतःचा वाटा किती? राष्ट्रीय वृद्धापकाळ निवृत्तिवेतनात ६० ते ७९ वर्षांच्या गरीब वृद्धासाठी केंद्राचा हिस्सा महिन्याला २०० रुपये आहे, आणि २००७ पासून तो तेथेच थिजलेला आहे. राज्याच्या श्रावणबाळ योजनेत महिन्याला दीड हजार रुपये मिळतात. साखर तपासण्याच्या पट्ट्या, सुया, औषधे आणि गाडीभाडे यांच्यापुढे ही रक्कम किती दिवस टिकेल? अपंगांच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्यात २१ प्रकारची अपंगत्वे मोजली आहेत; दीर्घकालीन मज्जाविकारांत पार्किन्सनचे नाव आहे, स्मृतिभ्रंशाचे स्वतंत्र नाव नाही. श्रावणबाळाच्या कथेत कावड मुलाच्या खांद्यावर होती, हे खरे. पण आधुनिक राज्याने स्वतःच्या योजनेला ते नाव देऊन कावड पुन्हा त्याच खांद्यावर ठेवावी, हा कल्याणकारी राज्याचा अर्थ नव्हे.

दुसरा मार्ग आहे, आणि तो केवळ कल्पनेतला नाही. केरळात १९९३ साली कोझिकोडला वेदनाशमन सेवेची एक छोटी संस्था सुरू झाली. पुढे मलप्पुरम जिल्ह्यात शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या गटांनी ते काम गावोगाव नेले. २००८ साली राज्याने त्याचे धोरण केले, आणि आज तेथील पंचायती परिचारिका नेमून खिळलेल्या रुग्णांच्या घरी पाठवतात. म्हणजे लोकांनी सुरुवात केली, शासनाने जबाबदारी घेतली आणि स्थानिक स्वराज्य संस्थेने ती घराच्या उंबरठ्यापर्यंत नेली. श्रीमंत देशांनी निराळ्या वाटा काढल्या. जर्मनीने १९९५ मध्ये आणि जपानने २००० मध्ये दीर्घकालीन शुश्रूषेचा सक्तीचा सामाजिक विमा सुरू केला. जर्मन व्यवस्थेत घरी शुश्रूषा करणाऱ्या नातेवाइकाच्या निवृत्तिवेतनाच्या खात्यातही भरणा होतो. घरातील बाईचे श्रम हे श्रमच आहेत, ही गोष्ट तेथे भाषणातून उतरून हिशोबाच्या वहीत आली. येथील संघटित क्षेत्र लहान असल्यामुळे वर्गणीवर चालणारा विमा तसाच्या तसा उचलता येणार नाही; केरळची वाट महाराष्ट्राला अधिक जवळची आहे.

या विचारांतून काही मागण्या निघतात, आणि त्या नेमक्या शब्दांत मांडल्या पाहिजेत. प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात आणि शहरांत प्रत्येक प्रभागात गृहशुश्रूषेसाठी कायम वेतनावर परिचारिका नेमाव्यात. जोखमीच्या घरांची यादी त्यांच्याकडे असावी आणि ऊसतोडीच्या हंगामात मागे राहिलेल्या एकाकी वृद्धांना तीत अग्रक्रम मिळावा. साठीपुढील प्रत्येक मधुमेहीची वर्षातून एकदा स्मरणशक्तीची साधी तपासणी व्हावी आणि ती कमी आढळल्यास त्याची औषधयोजना सोपी करण्याचे काम आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांवर बंधनकारक असावे. इन्सुलिन, योग्य सिरिंज, तपासणीच्या पट्ट्या आणि कप्प्यांची डबी या वस्तू सरकारी दवाखान्यातून अखंड व विनामूल्य मिळाव्यात. घरी पूर्णवेळ शुश्रूषा करणाऱ्याला भत्ता आणि वर्षातून काही दिवसांची सुट्टी मिळावी. त्या दिवसांत रुग्णाला सांभाळणारे दिवसघर तालुक्याच्या ठिकाणी असावे. आशांना शासकीय कर्मचाऱ्याचा दर्जा मिळावा. आणि स्मृतिभ्रंशाला अपंगत्वाच्या यादीत निःसंदिग्ध स्थान मिळावे.

यासाठी पैसा कोठून आणायचा, असे विचारले जाईल. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने २०२५ पर्यंत आरोग्यावरील सरकारी खर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या अडीच टक्क्यांवर नेण्याचे वचन दिले होते. २०२१-२२ च्या राष्ट्रीय आरोग्य लेख्यांत, करोनाच्या काळातील वाढीव खर्च धरूनही, तो १.८४ टक्के होता. आणि एकूण आरोग्यखर्चाचे ३९.४ टक्के लोक स्वतःच्या खिशातून भरीत होते. म्हणजे खर्च होतोच आहे, तो फक्त ज्याला परवडत नाही त्याच्याकडून वसूल केला जातो. शिवाय गृहशुश्रूषेतला पैसा यंत्रसामग्रीच्या आयातीत जात नाही. तो गावातल्या शिकलेल्या मुलींच्या पगारात जातो. एवढा रोजगार गावात निर्माण करणारे क्षेत्र दुसरे कोणते आहे, हे अर्थमंत्र्यांनी सांगावे.

मागण्या मांडताना एक भान सुटता कामा नये. स्मृती गेली म्हणून माणूस संपत नाही. त्याला अजून भीती वाटते, लाज वाटते, आवडनिवड असते. साखरेच्या आकड्यापायी त्याला बांधून टोचणे, आयुष्यभर गुळाचा चहा प्यालेल्या म्हाताऱ्याच्या हातून कप हिसकावणे, त्याच्यादेखत त्याच्याविषयी तो तेथे नसल्यासारखे बोलणे, ही शुश्रूषा नव्हे. उरलेल्या वर्षांत अर्धा कप गोड चहा मिळाल्याने होणारे नुकसान आणि तो हिरावल्याने होणारे दुःख यांची तुलना डॉक्टर, कुटुंब आणि जमेल तितकी त्या माणसाशीही बोलून व्हावी. जन्मतःच बौद्धिक अक्षमता असलेल्या आणि मधुमेह जडलेल्या तरुणांनाही हेच लागू आहे. त्यांना सोप्या भाषेत, चित्रांतून समजावले तर त्यांतील कितीतरी जण आपली काळजी स्वतः घेऊ शकतात. परावलंबी माणसाशी समाज कसा वागतो, यावरून त्या समाजातील समतेची खोली कळते.

मोर्चा आणि निवेदन यांची वाट पाहत थांबण्याचे मात्र कारण नाही. शाखा-शाखांतील कार्यकर्त्यांनी आपल्या वस्तीतील आणि गावातील अशी घरे शोधावीत. लाल आणि नारिंगी टोपणाचा फरक, साखर उतरल्याच्या खुणा आणि साखरपाण्याचा उपाय आरोग्य केंद्रातील परिचारिकेकडून शिकून घेऊन तो प्रत्येक घरात पोहोचवावा. ऊसतोडीला गाड्या निघण्याआधी मागे राहणाऱ्या वृद्धांची यादी ग्रामसभेपुढे ठेवून, त्यांच्यावर लक्ष कोण ठेवणार हे ठरावात लिहून घ्यावे. कामगार संघटनांनी निवृत्त सभासदांची वही पुन्हा उघडावी. ज्यांनी कधीकाळी संपाच्या वर्गणीसाठी घास काढून दिला, त्यांतील किती जण आज दाराच्या आतल्या बाजूला बसून आहेत, हे त्या वहीतून कळेल. आणि या कामाला महिला आघाडीचे काम म्हणून बाजूला सारू नये. ज्या पक्षाचे पुरुष कार्यकर्ते सभेत श्रमाच्या प्रतिष्ठेवर बोलतात, त्यांनी घरातल्या म्हाताऱ्या आईचे पाय धुण्याची पाळी एक दिवसाआड स्वतःकडे घ्यावी. शासनाकडे न्याय मागण्याचा अधिकार त्याने अधिक बळकट होईल.